झोपलेल्यांना बधीर करणाऱ्या नणंदबाई

आमच्या नणंदबाई झोपलेल्या माणसाला बधीर करतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी हे पहिल्यांदा ऐकलं आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यावरून जात आलं आहे. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर. भूल देतात म्हणजे माणसाला झोपवतात, इथपर्यंत ठीक. पण पेशंट गाढ झोपला, हाक मारली तरी ओ देईना, की या बारीक सुई घेतात आणि त्याचं नाक, गाल, डोक्याची कातडी बधीर करत बसतात. अहो, ज्याला आपलं नाक जागेवर आहे की गेलं हेसुद्धा कळत नाही, त्याचं नाक बधीर करून मिळवायचं काय? मी त्यांना हे एकदा नाही, दहादा विचारलं असेल. दर वेळी त्या चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, तो झोपलेला असतो. त्याचं अंग कुठे झोपलेलं असतं?" आता याला काय उत्तर म्हणायचं? मी पुन्हा आपली भांडी घासायला लागायची.

समजावून सांगणं हा त्यांचा प्रांतच नाही. एरवीसुद्धा बाई घरात कमी आणि कुठेतरी दुसरीकडे जास्त. चहात साखर घालतात आणि ढवळायचं विसरतात, मग शेवटचा घोट गोड लागला की चकित होतात. कुणाशी हात मिळवला की त्यांची बोटं आपोआप मनगटावर सरकतात आणि समोरच्याची नाडी मोजायला लागतात. माझ्या आईला पहिल्या भेटीत वाटलं, किती जीव लावते ही मुलगी, हात सोडवत नाही. घरात कुणी आडवं झालं की त्या खुर्ची ओढून उशाशीच बसणार. पायथ्याशी बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. वय माझ्याहून लहान, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना ताई म्हणते, कारण त्या भुवया वर करून बघायला लागल्या की माझ्या तोंडून दुसरं काही निघत नाही.

मोठ्या हॉस्पिटलात त्यांच्याकडे येतात ती मेंदूखालच्या गाठीची माणसं. पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी नाकाच्या मागे, मेंदूच्या खाली बसलेली असते. तिच्यात गाठ झाली की ती नाकातून आत शिरून काढतात. मला हे ऐकूनच शिंका यायला लागल्या होत्या. तिथे जागा अगदी अरुंद, आणि शेजारून डोळ्यांच्या नसा गेलेल्या. रक्तदाब जरा चढला की रक्त झिरपायला लागतं आणि सर्जनला पुढचं दिसेनासं होतं. म्हणून दाब खाली हवा. पण फार खालीही नको, नाहीतर मेंदूला आणि डोळ्यांना रक्त पुरत नाही. त्यात गंमत अशी की, नाकातलं रक्त कमी व्हावं म्हणून ज्या औषधात भिजवलेल्या पट्ट्या नाकात कोंबतात, तेच औषध जास्त झालं तर दाब चढवतं. म्हणजे ज्याने आग विझवायची त्यानेच पेटवायची. मी म्हटलं, "ताई, तुमच्या धंद्यात सरळ असं काही आहे का हो?" त्या म्हणाल्या, "नाही."

बाकीचे भूलवाले शिरेतून औषध वर-खाली करून दाब सांभाळतात. नणंदबाई तेही करतात, पण त्यांचा भर सुईवर. जिथे टोचणार, जिथे घासणार, तिथल्या नसांना आधीच गप्प करायचं, म्हणजे तिकडून वर्दीच जात नाही, आणि दाबाला चढायला कारणच उरत नाही. या त्यांच्या टोचण्यांत वेळ जातो. सर्जनसाहेब हातमोजे घालून तिष्ठत उभे राहतात आणि कुरकुरतात. त्यांनीच नणंदबाईंना 'डासबाई' हे नाव ठेवलं. "झालं का चावून?" असं ते विचारतात म्हणे. आणि या शांतपणे म्हणतात, "एक गाल राहिलाय."

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. हे बूट बनवतात. खाली दुकान, वर घर. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना लाकडी फर्मे टांगलेले असतात. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी नमुना. त्यावर चामडं ताणून बूट घडवतात. गिऱ्हाइकाचा पाय बदलला, अंगठ्याशी हाड वाढलं, की दर वेळी नवा फर्मा कुठे करत बसणार? जुन्यावरच त्या जागी चामड्याचा तुकडा चिकटवतात आणि घासून गुळगुळीत करतात. भिंतीवर ह्यांचा स्वतःचाही फर्मा आहे, लग्नाच्या बुटांच्या वेळचा.

मागची दोन-तीन वर्षं ह्यांचं एकच तुणतुणं चाललं होतं. चामडं आवळतंय. नवा बूट केला की महिन्या-दोन महिन्यांत पायाला चावायला लागायचा. मग चामड्याच्या व्यापाऱ्याला बोलावून त्याची हजेरी घेतली. बिचारा शपथा घेऊन सांगत होता की माल तोच आहे. ह्यांनी त्याचं ऐकलं नाही, दुसरा व्यापारी धरला. त्याचंही चामडं आवळायला लागलं. पुढे अंगठी बोटात रुतली ती साबण लावूनही निघेना, शेवटी कापून काढली. मी म्हटलं, खाऊन खाऊन बोटं सुजलीत. आवाज जाड झाला, तर मला वाटलं सर्दी. घोरणं असं वाढलं की वरच्या खोलीतली कपाटाची काच हलायची. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तर वय झालं म्हणून सोडून दिलं. एकेका गोष्टीला एकेक कारण मिळत गेलं आणि आम्ही दोघं निश्चिंत राहिलो.

मग हे दरवाजाच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायला लागले. कधी डावा, कधी उजवा. शेजारी येऊन उभं राहिलं तरी कळायचं नाही, एकदम दचकायचे. बुटाच्या कडेची शिवण, जी हे डोळे मिटून घालायचे, ती वाकडी जायला लागली. एक जुनं गिऱ्हाईक बूट परत घेऊन आलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. नुसते बूट हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "अगं, कडा दिसतच नाहीत गं मला." मी दिवा मोठा लावला. मला दुसरं काय सुचणार?

असंच एका सुट्टीच्या दुपारी नणंदबाई जेवायला आल्या होत्या. जेवण झाल्यावर हे पलंगावर आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. नणंदबाईंनी सवयीप्रमाणे खुर्ची उशाशी ओढली. मी पानं आवरत होते. वळून पाहिलं तर त्यांचा डावा हात ह्यांच्या हनुवटीखाली गेलेला. तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, अंगठा आणि पहिलं बोट वर वाकवलेलं. झोपवलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क धरताना हात असा ठेवतात, हे मला नंतर कळलं. त्या तशाच थांबल्या. मग बोटं थोडी पुढे सरकवली, परत मागे घेतली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "हा जबडा दादाचा नाही."

मला हसू आलं. "मग कुणाचा आहे? शेजाऱ्यांचा?"

त्या हसल्या नाहीत. "याचा फर्मा कुठे आहे?"

मी खाली जाऊन फर्मा आणला. त्यांनी तो उजेडात धरला आणि नखाने कड उचकटून पाहिली. बोटांपाशी चामड्याचा एक तुकडा. त्याच्याखाली दुसरा. त्याच्याखाली तिसरा. टाचेला तसंच, बाजूंनाही तसंच. लाकूड कुठे संपतं आणि चामडं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. एवढ्यात हे जागे झाले.

"दादा, हे तुकडे तू लावलेस?"

"मग काय तू लावलेस? चामडं आवळतंय ना हल्ली. म्हणून फर्मा जरा भरून घेतो."

"चामडं आवळतंय, तर फर्मा भरायचा कशाला?"

ह्यांनी फर्मा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. दुसऱ्यांचे पाय मोजण्यात ह्यांचं आयुष्य गेलं. स्वतःचा पाय मोजायची वेळ आली की हे पट्टी घ्यायचे नाहीत, नुसता अंदाजाने तुकडा चिकटवायचे, कारण आपला पाय आपल्याला ठाऊकच असतो. "म्हणजे पाय वाढला?" ते म्हणाले. "या वयात?"

नणंदबाई जिन्यात जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले. त्या रडत होत्या. "रोज लोकांचे जबडे बघते मी, वहिनी. नळी घालायची तर जबडा, जीभ, मान, सगळं आधी बघावंच लागतं. आणि दर आठवड्याला याच्यासमोर बसून जेवते." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. जबडा वाढला तर यात रडण्यासारखं काय, असंच मला वाटत होतं.

मग तपासण्या झाल्या. त्याच ग्रंथीत गाठ. तिच्यातून अंग वाढवणारं द्रव्य जास्त सुटत होतं, म्हणून हातपाय, जबडा, जीभ वाढत होती, दाबही तिच्यामुळेच. आणि गाठ वर सरकून डोळ्यांच्या नसांवर बसली होती, म्हणून नजरेच्या दोन्ही बाजूंच्या कडा गेल्या होत्या. सर्जनसाहेब म्हणाले, काढावी लागेल, आणि लवकर. थांबलो तर कडा गेल्या तसं मधलंही जाईल. काढतानाही धोका आहेच, नसा तिथेच आहेत. बूट शिवणाऱ्या माणसाला हे सांगत होते ते. माझी पाचावर धारण बसली.

आता प्रश्न आला की भूल कुणी द्यायची. आपल्या माणसाला आपण भूल देऊ नये असं त्यांच्यात मानतात. नणंदबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी देणार नाही." हे म्हणाले, "चिमी उशाशी नसेल तर मी टेबलावर चढणार नाही." चिमी म्हणजे नणंदबाई. दुसऱ्या दिवशी नणंदबाई म्हणाल्या, "मीच देते." तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही. एवढी थंड डोक्याची बाई, पण चहाचा कप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभी राहायची आणि चहा गार व्हायचा. "जीभ मोठी आहे, नळी घालायला अवघड जाईल. दाब आधीच चढा. माझा हात कापला तर? आणि मी नसले, आणि कुणी पट्ट्यांतलं औषध जास्त वापरलं तर? काय करू, वहिनी?" मला विचारत होत्या! ज्या बाईला अजून झोपलेल्याला बधीर का करतात ते कळलेलं नाही, तिला. मी म्हटलं, "तुम्ही दिलीत तरी मला भीती वाटेल आणि नाही दिलीत तरी वाटेल." त्या म्हणाल्या, "मलाही तसंच होतंय."

शेवटी अर्धं-अर्धं ठरलं. झोपवायचं आणि यंत्रं सांभाळायची ती मिशीवाल्या डॉक्टरांनी, ते नणंदबाईंच्या जोडीचे. टोचायचं ते नणंदबाईंनी, आणि टोचून झालं की बाहेर यायचं. ह्यांना मात्र एवढंच सांगितलं की चिमी उशाशी असेल. झोप लागेपर्यंत ती होतीच.

ऑपरेशनच्या दिवशी मी त्या बंद दरवाजासमोरच्या बाकावर बसले होते. नणंदबाई डोक्यावरची टोपी काढत बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "नळी नीट गेली. नाक झालं, दोन्ही गाल झाले, डोकं धरणाऱ्या पकडीची टोकं बसतात तिथे झालं. माझं काम संपलं." मग दरवाजाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या दरवाजाच्या आत काढलेली बाई, बाहेर काय करायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिथे जास्त सराईत वाटत होते. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी बाटली घेतली आणि झाकण न उघडताच तोंडाला लावली.

थोड्या वेळाने दरवाजा उघडून नर्स बाहेर आली. मी उठून उभी राहिले. ती माझ्याकडे न बघता नणंदबाईंना म्हणाली, "मॅडम, दाब चढलाय. झोपेचं औषध वाढवलं तर धाडकन उतरला. कमी केलं तर पुन्हा वर. सर विचारतायत काय करू. सर्जनसाहेब म्हणतात, असंच राहिलं तर आज नाकाला हात लावणार नाही, बंद करू."

"कधी चढला?"

"डोकं पकडीत धरलं तेव्हा."

डोकं हलू नये म्हणून ते टोकदार पकडीत घट्ट आवळून ठेवतात. नणंदबाईंनी डोळे मिटले आणि दोन्ही हात समोर धरले, हवेत कुणाचं तरी डोकं धरावं तसे. बोटांनी टोकांच्या जागा चाचपल्या. मग डोळे उघडून त्या हातांकडे बघत राहिल्या आणि हळूहळू ते एकमेकांपासून लांब नेले.

"पकड जास्त उघडावी लागली का?"

"हो. बसेना नेहमीसारखी. मागचं टोक जरा सरकवून घेतलं."

"अरे देवा." त्या पुटपुटल्या. "मी नेहमीच्या मापाने टोचून आले. याचं डोकंही वाढलंय." मग एकदम स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "त्यांना सांग, पकड काढू नका. झोपेचं औषध होतं तसं ठेवा. मागच्या टोकाभोवती बधीर करा आणि जरा थांबा. सर्जनसाहेबांना सांग, डासबाईने थांबायला सांगितलंय."

"तुम्ही येताय?"

नणंदबाईंनी हात पुढे केले. दोन्ही हात थरथरत होते. "या हातांनी?" त्या म्हणाल्या. नर्स आत गेली.

मला राग आला होता, कुणावर ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे त्यांना दुखलं."

"नाही, वहिनी. दुखायला माणूस जागा लागतो. दादा गाढ झोपलाय."

"मग दाब कशाने चढला?"

"टोक रुतलं ते अंगाला कळलं."

"अंगाला कळलं आणि ह्यांना नाही कळलं?"

"हो."

"म्हणजे हे वेगळे आणि ह्यांचं अंग वेगळं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही. कुणी मला हे कधी धड सांगितलं नाही. मी आपली दाब बघते आणि त्यावरून ओळखते." इतकी वर्षं मला वाटत होतं, यांना कळतं, फक्त मला समजावून सांगता येत नाही. तेव्हा समजलं की बाईसुद्धा माझ्याइतकीच अंधारात आहे, फक्त तिला त्या अंधारात चालायची सवय आहे. मला त्याने धीर यायला हवा होता की आणखी घाबरायला हवं होतं, कोण जाणे.

दरवाजा पुन्हा किलकिला झाला. नर्सने नुसतं डोकं बाहेर काढलं. "उतरला, मॅडम. सुरू केलंय."

नणंदबाईंनी माझं मनगट धरलं. ते धीर द्यायला धरलं असं मला वाटलं, पण त्या नाडी मोजत होत्या. मोजू दिली. ऑपरेशन संपेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

संध्याकाळी ह्यांना बघायला आत सोडलं. नाकात बोळे, तोंड उघडं, चेहरा सुजलेला. मी पलंगाच्या बाजूला उभी राहिले. समोर जायचं धाडस होईना. दिसतंय का, हे विचारायला जीभ रेटेना. हे छताकडे बघत होते. मान हलवू नका असं सांगितलेलं. मग बोळ्यांमधून कसाबसा आवाज आला, "तिथे कोपऱ्यात काय उभी आहेस? इकडे ये ना." मान तशीच सरळ होती. त्यांनी मला कडेने पाहिलं होतं. मी तिथेच खाली बसले आणि रडले, आणि ते घाबरून विचारत राहिले की काय झालं, काय झालं.

आता हे पुन्हा दुकानात बसतात. शिवण सरळ जाते. सूज बरीच ओसरली. परवा ह्यांनी स्वतःच्या फर्म्यावरचा वरचा तुकडा सोलून काढला. बाकीचे तसेच राहणार, वाढलेलं हाड मागे जात नाही असं सर्जनसाहेब म्हणाले. या खेपेला मात्र ह्यांनी पट्टी घेऊन पाय मोजला. जुन्या व्यापाऱ्याला बोलावून माफीही मागितली. तो बिचारा पार गोंधळून गेला, कारण त्याला वाटलं आणखी काहीतरी चुकलं.

काल सुट्टी म्हणून नणंदबाई आल्या. जेवून खाली दुकानात गेल्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या आणि तिथेच झोपी गेल्या. ह्यांनी त्यांचा झिजलेला बूट अलगद काढून घेतला आणि नवी टाच ठोकायला बसले. मी चहा घेऊन उतरले. नणंदबाईंची मान कलंडली होती, तोंड उघडं होतं. आणि डावा हात मांडीवर होता, तीन बोटं खालून वाकवलेली, अंगठा आणि पहिलं बोट वर. रिकाम्या हाताने कुणाचा तरी जबडा उचलून धरला होता. हे ठोका मारायचे आणि दर ठोक्याला ती बोटं घट्ट व्हायची, मग जरा सैल, मग पुढच्या ठोक्याला पुन्हा घट्ट.

"अहो, थांबा जरा," मी म्हटलं.

"का? झोपलीय ती. तिला काय ऐकू येतंय?"

"झोपल्यात," मी म्हटलं. पुढचं मला सांगता येईना. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही समजलं नाही, पण हातोडी खाली ठेवली.

मी चहा बाकावर ठेवला आणि नणंदबाईंच्या त्या वाकलेल्या बोटांखाली माझं मनगट सरकवलं. बोटं थोडी चाचपडली, मग नाडीवर येऊन स्थिरावली आणि हळूहळू सैल पडली. त्या जाग्या झाल्या नाहीत. उभ्याने माझा पाय अवघडला, चहा गार झाला, पण मी हात काढला नाही.